ख्रिस्तासारखं होणं म्हणजे नक्की काय होणं?

लेंट सुरू झाला की चर्चमध्ये एक वाक्य दर रविवारी कानावर पडतं: आपण दिवसेंदिवस ख्रिस्तासारखं व्हायला हवं. लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ, मधले रविवार सोडले तर चाळीस दिवसांचा. कुणी मटण सोडतं, कुणी चहा सोडतं, हल्ली मुलं मोबाइल सोडतात. यंदा माझी लेक कन्फर्मेशनच्या, म्हणजे आपला विश्वास मोठेपणी स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या, वर्गाला जाते. एका रविवारी परत येताना स्कूटरवर मागे बसल्या बसल्या तिनं विचारलं, “आई, तो पाण्यावर चालला, त्यानं आंधळ्यांना दृष्टी दिली. मग त्याच्यासारखं व्हायचं म्हणजे आपण करायचं काय?”

घरी गेल्यावर सांगते म्हटलं. आणि घरी गेल्यावर मला धड सांगता येईना. जन्मापासून ऐकत आलेलं वाक्य, पण उलगडून सांगायची वेळ आली तेव्हा तोंडातून नुसते मोठे मोठे शब्द बाहेर पडले.

असाच प्रश्न शेजारपाजारचेही विचारतात, फक्त दुसऱ्या बाजूनं. तुमच्यात बाप्तिस्मा झाला की पापं धुतली जातात ना? मग अमका माणूस अजून तसाच तिरसट कसा? त्यात कुचकेपणा नसतो, खरंच कळत नाही म्हणून विचारतात. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. ते मी लेकीला गेल्या काही आठवड्यांत तुकड्या-तुकड्यानं दिलं. इथे सलग लिहिते.

दोन अवघड शब्द, एकदाच

पहिला शब्द ‘नीतिमान ठरणं’. माणूस ख्रिस्तावर विश्वास ठेवतो तेव्हा देव त्याला क्षमा करतो आणि आपला म्हणून स्वीकारतो. माणसानं आधी चांगलं होऊन दाखवावं, मग स्वीकारू, अशी अट नाही. दुसरा शब्द ‘पवित्रीकरण’. स्वीकारलेला तो माणूस आतून हळूहळू ख्रिस्ताच्या वळणावर जातो, त्या लांबलचक प्रवासाचं हे नाव.

दत्तक मुलाचं उदाहरण घ्या. दत्तकाचा हुकूम निघाला त्या दिवशी मूल कायद्यानं त्या घराचं झालं. आडनाव बदललं, वारसाहक्क मिळाला, त्यात कमी-जास्त काही उरलं नाही. पण घरातली बोलण्याची ढब, जेवताना एकमेकांना आग्रह करण्याची पद्धत, रात्री दचकून उठल्यावर कुणाला हाक मारायची हा भरवसा, हे सगळं यायला वर्षं लागतात. पहिल्या वर्षी त्यानं उशीखाली पोळी लपवून ठेवली, तर ते आपलं नाही असं कुणी म्हणत नाही. जुन्या घरातली भूक अजून अंगातून गेलेली नाही, एवढंच.

येशूचा प्रेषित पौल यानं रोमच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात नेमकं हेच चित्र आहे. आधी दत्तकपणाची गोष्ट येते आणि मग म्हटलंय की देवानं आपल्याला त्याच्या पुत्राच्या प्रतिरूपाचं व्हायला नेमलं आहे, म्हणजे तो पुत्र पुष्कळ भावंडांत थोरला ठरावा. थोरल्या भावाचं पाहून धाकटी मोठी होतात, तसं हे होणं आहे. पाण्यावर चालण्याशी त्याचा संबंध नाही. त्याच्या वृत्तीशी आहे. पौलाच्याच फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात ती वृत्ती सांगितली आहे: आपलं मोठेपण घट्ट धरून न ठेवता तो रिकामा झाला, दास झाला. वधस्तंभाच्या आदल्या रात्री त्यानं कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. त्यात त्याला धरून देणाऱ्या यहूदाचेही पाय होते.

द्राक्षबागेत उभं राहून पाहिलं तर

माझ्या भावाची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. लेंट येतो तेव्हा तिथे काढणीची धांदल असते, आणि ईस्टरच्या आसपास खरड छाटणी सुरू होते. लहानपणापासून पाहिलेलं हे काम मला बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायाचं सगळ्यात चांगलं भाष्य वाटतं. त्या अध्यायात येशू म्हणतो की मी वेल, तुम्ही फाटे, आणि माझा पिता माळी. फाट्यानं वेलात राहावं, म्हणजे फळ येईल. आणि जो फाटा फळ देतो त्याचीच छाटणी होते, आणखी फळ यावं म्हणून.

शहरातल्या माणसाला वाटतं की ऑक्टोबरात छाटणी केली, चारेक महिन्यांत द्राक्षं आली, म्हणजे फळ त्या चार महिन्यांत तयार झालं. तसं नसतं. खरड छाटणीत काड्या पार मागे घेतात. बाग उघडीबोडकी, बघवत नाही अशी दिसते. त्यानंतर कडक उन्हात ज्या नव्या काड्या फुटतात, त्यांच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचा घड तयार होत असतो. डोळा म्हणजे काडीवरची ती टपोरी गाठ. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. ऑक्टोबर छाटणीच्या आधी भाऊ काड्या तपासायला प्रयोगशाळेत पाठवतो. तिथे डोळा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, की आत घड आहे की नुसती वांझ फूट. मे-जूनमध्ये जे झालं नाही ते ऑक्टोबरात कितीही खत घालून होत नाही.

ख्रिस्तासारखं होणं असंच डोळ्यात होतं. कुणी अपमान केला आणि त्या क्षणी माणूस शांत राहिला, तर ती शांती त्या क्षणी बनलेली नसते. आधीच्या कितीतरी साध्या, कुणी न पाहिलेल्या दिवसांत ती आत धरलेली असते. म्हणून ऐनवेळी दात-ओठ आवळून सहनशील होण्याचे प्रयत्न फसतात. मी कितीदा केले आहेत. दोन दिवस टिकतात, तिसऱ्या दिवशी दुप्पट स्फोट होतो.

पौलानं गलतीकरांना लिहिताना याला आत्म्याचं फळ म्हटलं: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. गुण नऊ, पण मूळ ग्रीक भाषेत ‘फळ’ हा शब्द एकवचनी आहे. सौम्यता तुझ्या वाट्याला, इंद्रियदमन माझ्या, अशी वाटणी त्यात नाही. एकाच घडाचे ते मणी आहेत.

एका बाबतीत मात्र बागेचं उदाहरण उलटतं, आणि तिथेच मला गंमत नव्हे, दिलासा वाटतो. आमच्याकडे डॉग्रिजचा रानटी, काटक खुंट लावतात आणि त्यावर थॉमसनची गोड काडी कलम करतात. पौल रोमकरांच्या पत्रात जैतुनाच्या कलमाचा दाखला देतो तो याच्या नेमका उलट आहे. तिथे मूळ चांगल्या झाडाचं आणि काडी रानटी. कुठलाही शेतकरी म्हणेल की असं कुणी करत नाही, रानटी काडीला रानटीच फळ येणार. पौलही तेच म्हणतो, की हे निसर्गाविरुद्ध आहे. आपण ती रानटी काडी. आपल्या स्वभावातून जे येणार नव्हतं ते मुळाच्या रसानं येतं, हा ख्रिस्ती दावा आहे.

मग आपण नुसतं बसून राहायचं?

फळ जर रसानंच येत असेल तर आपलं काम काय? लेकीनं हे लगेच विचारलं, आणि बरोबर विचारलं.

फिलिप्पैकरांच्या पत्रात सलग दोन वचनांत दोन्ही बाजू आल्या आहेत. भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, असं आधी म्हटलंय. आणि लगेच पुढे, कारण तुमच्या ठायी कार्य करणारा तो देवच आहे. पौलाला यात विसंगती दिसत नाही. भावालाही दिसणार नाही. एक मणीसुद्धा तो स्वतः बनवू शकत नाही, आणि तरीही वर्षभर त्याची पाठ टेकत नाही.

बायबल वाचणं, प्रार्थना, उपवास, प्रभुभोजन, चुकांची कबुली, मंडळीत जाणं, ही सगळी माझ्या मते मांडवाची कामं आहेत. लोखंडी अँगल आणि तारांना कधी द्राक्षं लागत नाहीत. पण मांडव नसेल तर वेल जमिनीवर पसरतो, ऊन-वारा लागत नाही आणि घड कुजतात. आमच्यातली चूक अशी होते की आम्ही मांडवच मोजत बसतो. किती उपवास केले, किती अध्याय वाचले. तारा चकचकीत ठेवल्या आणि वेल सुकला, असंही होतं.

येशूनं मात्र ‘माझ्यात राहा’ म्हटल्यावर लगेच सांगितलं की माझ्या प्रीतीत राहा, आणि ती आज्ञा पाळा: एकमेकांवर प्रीती करा. म्हणजे वेलात राहण्याची जागा नुसती प्रार्थनेची खोली नाही. समोरचा माणूस हीसुद्धा ती जागा आहे.

‘पवित्र’ म्हणजे सोवळं नव्हे

मराठी माणसाला ‘पवित्रीकरण’ हा शब्द फसवतो. आपल्या भाषेत पवित्र म्हटलं की सोवळं आठवतं. शिवाशिव टाळणं, वेगळं पाणी, वेगळं भांडं. विटाळ बाहेरून येतो आणि पवित्र माणसानं त्यापासून लांब राहायचं. हिब्रू भाषेतल्या ‘कादोश’ या शब्दाचा अर्थही वेगळा काढलेला, राखून ठेवलेला असाच आहे, त्यामुळे घोटाळा आणखी वाढतो.

येशूनं या अर्थाची दिशाच फिरवली. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात एक कुष्ठरोगी त्याच्यापुढे गुडघे टेकतो. नुसत्या शब्दानं बरं करता आलं असतं, दुसरीकडे त्यानं तसं केलंही आहे. इथे तो हात पुढे करून त्याला स्पर्श करतो. विटाळ येशूकडे आला नाही, शुद्धता त्या माणसाकडे गेली. पापी मानलेल्या जकातदारांच्या पंगतीला तो बसला तेव्हाही हेच. त्याच्यावरचा मोठा आक्षेप तो कुणाबरोबर जेवतो हाच होता.

आणि हे शिकणं किती जड जातं ते येशूचा शिष्य पेत्र याच्या गोष्टीत दिसतं. यापो इथे त्याला दृष्टांत झाला, की देवानं जे शुद्ध केलं त्याला तू निषिद्ध मानू नको. त्यानंतर तो कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरी गेला, परजातीच्या, म्हणजे यहूदी नसलेल्या, माणसांत राहिला. पण पुढे अंत्युखिया शहरात काय झालं? आधी तो परजातीय ख्रिस्ती लोकांबरोबर जेवत होता. यरुशलेमेकडून काही मंडळी आली आणि लोक काय म्हणतील या भीतीनं तो पंगतीतून बाजूला झाला. पौलानं त्याला सगळ्यांदेखत खडसावलं. प्रभूचा पट्टशिष्य, पवित्र आत्मा मिळालेला, दृष्टांत पाहिलेला पेत्र, आणि घसरला तो जेवणाच्या ताटाशी. हे गलतीकरांच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात लिहून ठेवलंय, झाकलेलं नाही.

मराठीत हीच वाट लक्ष्मीबाई टिळकांनी चालून दाखवली. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या पाच वर्षांत आधी ताटातूट झाली. मग त्या नवऱ्याजवळ राहायला आल्या, तरी आपलं सोवळं आणि आपली चूल त्यांनी वेगळीच ठेवली. ते सोवळं एका दिवसात कुणी हिसकावून घेतलं नाही. त्यांच्या मनातून ते गळत गेलं. पुढे त्यांच्या घराचं दार सगळ्यांना उघडं झालं.

मला वाटायचं, हे आपल्याला लागू नाही. आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती, सोवळ्याशी आमचा काय संबंध? आमच्याकडे धुणीभांडी करायला मावशी येतात, अकरा वर्षं झाली. स्वयंपाकघराच्या खिडकीत, घासणीशेजारी, एक पांढरा कप पालथा ठेवलेला असतो. निळ्या फुलांचा, कडेला टवका उडालेला. मावशींचा चहा त्यात. कुणी तसा नियम केला नव्हता. लेंटच्या दुसऱ्या आठवड्यात लेकीनं तो कप हातात घेऊन विचारलं, “हा इथे का असतो? आपल्या कपाटात का नाही?”

मी काही बोलू शकले नाही. इतकी वर्षं मी क्वायरमध्ये गाते आहे, आणि पेत्राचा तो अध्याय मी चर्चमध्ये उभी राहून वाचला आहे. भारतातल्या कित्येक मंडळ्यांत बाकांवर आणि कबरस्तानात जात पाळली गेली, हा इतिहास मला माहीत होता, आणि मी त्याबद्दल तावातावानं बोलायचे. माझ्या खिडकीतला कप मला दिसला नव्हता.

इतकी वर्षं झाली, तरी स्वभाव तोच कसा?

शेजाऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तर आता देता येईल. दत्तक झालं म्हणजे वाढ संपली असं नाही, तिथून ती सुरू होते. आणि सगळ्यांची सारख्या वेगानं होत नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी कळलं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या शेकडो मुली-बायकांना जवळ घेणाऱ्या रमाबाई हे म्हणतात. एवढ्या विदुषीला आठ वर्षं लागली, तर आपण कुणावर शिक्का मारायची घाई का करावी?

या जन्मात हे पूर्ण होतं का, यावर चर्चमध्ये जुना मतभेद आहे. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याच्या मते विश्वासणारा माणूस मरेपर्यंत एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो. अठराव्या शतकातल्या जॉन वेस्लीनं शिकवलं की देवाच्या कृपेनं मन याच जन्मात प्रीतीनं पूर्ण भरू शकतं. त्याच्या मागे चाललेले मेथडिस्ट तेच मानतात. कॅथलिक शिकवण क्षमा आणि आतला बदल यांना वेगळं पाडत नाही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या तर माणूस देवाच्या जीवनात सहभागी होतो असं म्हणतात, अर्थात तो देव होत नाही, लोखंड विस्तवात लाल झालं तरी लोखंडच राहतं तसं. मी स्वतः ल्यूथरच्या बाजूला झुकते, कारण मी मला ओळखते. पण वेस्लीचं ऐकलं की आशेची कास सोडवत नाही.

‘सोसत राहा’ हे ख्रिस्तासारखं होणं आहे का?

हा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण यात माणसं, विशेषतः बायका, भरडल्या गेल्या आहेत. नवरा मारतो, घरचे छळतात, आणि वडीलधारे सांगतात की बाई, ख्रिस्तानं वधस्तंभ सोसला, तूही सोस.

येशूनं वधस्तंभ स्वतःहून पत्करला, इतरांच्या तारणासाठी. कुणाच्या क्रूरपणाला सोय म्हणून नाही. महायाजकापुढे त्याला एका कामदारानं चपराक मारली तेव्हा तो गप्प बसला नाही. मी वाईट बोललो असेन तर सिद्ध कर, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस, असं त्यानं विचारलं. नासरेथच्या लोकांनी त्याला कड्यावरून लोटायला नेलं तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावात पळून जा, असंही त्यानं शिष्यांना सांगितलं.

बागेत कात्री माळ्याच्या हातात असते आणि त्याला कुठला डोळा राखायचा ते माहीत असतं. गारपीटही काड्या तोडते, पण गारपिटीला कुणी छाटणी म्हणत नाही. गारपिटीनंतर देव बाग पुन्हा उभी करतो, हे मी मानते. पण जिच्यावर गारा पडत आहेत तिला आधी आडोशाला न्यायचं असतं. पोलीस, वकील, माहेर, जो आडोसा मिळेल तो.

चांगली माणसं तर सगळीकडेच असतात

असतात. येशूनं शेजारधर्माचा दाखला दिला तेव्हा याजक आणि लेवी, म्हणजे मंदिराचा सेवक, वाटेत पडलेल्या जखमीला टाळून पुढे निघून गेले, आणि त्याला उचललं ते यहूद्यांनी त्या काळी तुच्छ मानलेल्या शोमरोन्यानं. ख्रिस्ती माणूस इतरांपेक्षा चांगला असतो असा दावा इथे नाहीच. भाऊ आपल्या बागेचं यंदाचं फळ तिच्याच मागच्या हंगामाशी ताडून पाहतो. मी माझ्या दहा वर्षांपूर्वीच्या स्वतःशी ताडून पाहावं, एवढंच.

वाढ होते आहे हे कळणार कसं?

स्वतःला बहुधा कळत नाही. पौलाच्या पत्रांचा परंपरेनं मानलेला क्रम घेतला तर तो आधी स्वतःला प्रेषितांत कनिष्ठ म्हणतो, मग सगळ्या पवित्र जनांत कनिष्ठ, आणि शेवटी पाप्यांमध्ये मुख्य. वय वाढलं तशी स्वतःबद्दलची भाषा खाली येत गेली. फळाची चव झाडाला नाही, खाणाऱ्याला कळते. म्हणून विचारायचं असेल तर घरातल्या धाकट्यांना विचारावं, हाताखाली काम करणाऱ्यांना विचारावं.

तो कप मी त्याच दिवशी टाकून दिला. दुसऱ्या दिवशी कपाटातला आमचाच कप मावशींना दिला, तर त्या संकोचून गेल्या. “माझा कुठे गेला, ताई?” म्हणाल्या. मला उत्तर द्यायला वेळ लागला. “चुकलं माझं, मावशी,” एवढंच म्हटलं. त्यांनी चहा घेतला, नेहमीसारखा उंबऱ्याशी खाली बसून. मी खुर्चीवर होते. ते माझ्या लक्षात यायला आणखी चार दिवस गेले. पाचव्या दिवशी मीही माझा कप घेऊन खाली बसले. त्या उठायला लागल्या, मी हात धरला, मग आम्ही दोघी गुडघेदुखीबद्दल बोलत राहिलो.

ईस्टरला त्यांना मुला-सुनेसकट जेवायला बोलावलंय, टेबलाशी, सगळ्यांनी एकत्र. त्या नुसतं “बघू, ताई” म्हणाल्या. लेकीनं आत्तापासून ताटं मोजून ठेवली आहेत.